इटालियन रेस्टॉरंटची पाटी आधी देवनागरीत काढा

महाराष्ट्रात इटालियन रेस्टॉरंट उघडायचं ठरलं की लोगोचं काम बहुतेक वेळा रोमन अक्षरांपासून सुरू होतं. मग पाटी लावायच्या आठवड्यात कुणाला तरी मराठी नावाची आठवण होते, आणि पाटीवाला त्याच्या संगणकात असेल त्या फॉन्टमध्ये ते टाइप करून देतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर कायदा स्पष्ट आहे: नामफलकावर मराठी नाव देवनागरीत हवं, सुरुवातीला हवं आणि इतर कुठल्याही लिपीपेक्षा लहान नको. म्हणजे जी अक्षरं रस्त्यावरून सर्वात आधी दिसणार, त्यांच्यावरच सर्वात कमी विचार झालेला असतो.

खरं तर इटालियन शब्द देवनागरीत फार छान बसतात. इटालियनमधला 'त' दंत्य असतो, आपल्या 'ताट'सारखा. जोडाक्षरावरचा आघातही आपल्याला नवा नाही. 'ट्रॅटोरिया' (साधी खाणावळ) हा इंग्रजीतून फिरून आलेला उच्चार. 'त्रात्तोरिया' हा मूळचा. ब्रुशेटा नव्हे, ब्रुस्केत्ता. आणि पिझ्झामधला मूळ 'त्स' तर आपल्या 'चूल'मधल्या 'च'च्या अगदी जवळचा आहे! तरीही पाटीवर पिझ्झा हेच लेखन ठेवावं. रुळलेला शब्द मोडला तर गिऱ्हाईक गोंधळतं. अनोळखी शब्द मात्र पहिल्यापासून मुळाप्रमाणे लिहावेत.

अर्थात, अक्षरं काढायच्या आधी जेवण कुठलं हे ठरायला हवं. 'इटालियन' एवढ्यावर काम सुरू केलं की लाल-पांढऱ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ, मिशीवाला शेफ आणि तिरंगी पट्टी याच गोष्टी हातात येतात. इटलीत वीस प्रांत आहेत. दक्षिणेकडच्या सिसिली बेटाची रंगीत माजोलिका (चकचकीत मातीची) फरशी उत्तरेकडच्या बोलोन्या शहराच्या रागूशेजारी, म्हणजे मांसाच्या रश्शाशेजारी, परकी वाटते. रिस्तोरांते, त्रात्तोरिया, ओस्तेरिया या शब्दांतही थाटामाटाचा फरक आहे. ओस्तेरिया म्हणजे मुळात वाइनसोबत साधं जेवण मिळण्याची जागा. तिच्या मेनूला सोनेरी फॉइल शोभत नाही.

उदाहरण म्हणून चाळीस खुर्च्यांची, बोलोन्याचं जेवण देणारी ओस्तेरिया घेऊ आणि तिला 'पोर्तिको' म्हणू. पोर्तिको म्हणजे कमानींचा झाकलेला पदपथ. बोलोन्यात असे सुमारे 62 किलोमीटर पोर्तिको आहेत आणि 2021 मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आता हे नाव देवनागरीत लिहून बघा. शिरोरेषेच्या खाली एकही उकार नाही, तळ सपाट. वर मात्रा, वेलांटी, रफार, पुन्हा मात्रा. 'र्ति'मधली वेलांटी हीच कमान आहे! रोमन लिपीत हे चित्र बाहेरून आणून चिकटवावं लागलं असतं.

अडचणही तिथेच आहे. वेलांटीचं टोक आणि रफार एकाच जागी येतात. तयार फॉन्टमध्ये ते एकमेकांत घुसतात आणि लांबून नुसता गोळा दिसतो. म्हणून ही जोडी हाताने काढावी: वेलांटीची कमान रुंद आणि थोडी उंच, रफार तिच्या उजव्या खांद्यावर छोटा आकडा म्हणून. दोघांमध्ये रेघेच्या जाडीच्या निम्मी तरी मोकळी जागा हवी.

रोमन अक्षरासाठी बोदोनी हा फॉन्ट घेण्याला इथे खरा आधार आहे. ज्याच्या नावावरून तो आला, तो जाम्बात्तिस्ता बोदोनी 1768 पासून पार्मात ड्यूकच्या छापखान्याचा प्रमुख होता, आणि पार्मा बोलोन्याच्याच प्रांतात येतं. देवनागरीत त्याला जवळचा, मोफत मिळणारा फॉन्ट म्हणजे रोझा वन: तसाच जाड-बारीक रेघांचा टोकाचा फरक. तो एकाच वजनात येतो, त्यामुळे नावापुरता वापरावा. मेनूच्या मजकुराला तिरो देवनागरी मराठी बरा. त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत. इतर फॉन्ट घेतला तर ही दोन अक्षरं आधी तपासावीत. अनेक फॉन्टमध्ये भाषा 'मराठी' निवडेपर्यंत हिंदी वळणच येतं.

दोन्ही लिपींना सारखाच पॉइंट आकार देऊन भागत नाही. बऱ्याच फॉन्टमध्ये देवनागरीची शिरोरेषा रोमन मोठ्या अक्षराच्या माथ्यापेक्षा खाली असते. म्हणून शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची पट्टीने मोजावी आणि रोमन मोठ्या अक्षराएवढी तरी करावी.

पाटीवाल्यांचा ढोबळ हिशेब असा की दहा फूट अंतराला एक इंच अक्षर. साठ फुटांवरून वाचायचं तर सहा इंच. पण ही झाली अक्षराच्या धडाची उंची. मात्रा-वेलांट्या धरून (आणि नावात उकार असतील तर तेही) ओळ दीडपट किंवा जास्त होते, आणि पाटीच्या पाठीमागच्या एसीपी (अॅल्युमिनियमच्या) शीटचं माप त्यावर ठरतं. आतून उजळणाऱ्या अक्षरांत साधारण दीड इंचापेक्षा बारीक रेघ असेल तर एलईडी मोड्यूल नीट बसत नाहीत. बोदोनीच्या केसासारख्या रेघा इथेच मार खातात. त्यामुळे पाटीसाठी बारीक रेघा जाड केलेली वेगळी आवृत्ती काढावी, किंवा अक्षर भरीव ठेवून उजेड मागून सोडावा. शिरोरेषेचा इथे मोठा फायदा: पूर्ण शब्द एकाच पट्टीला धरलेला राहतो आणि वायर तिच्यामागे लपते. नावात अनुस्वार असेल तर तो सुटा तुकडा होतो. त्याला नुसत्या गोंदावर सोडू नये, दोन पिना द्याव्यात. नाहीतर पावसाळ्यात तोच आधी गळतो.

रंगांत हिरवा आणि भडक लाल शक्यतो टाळावा. आपल्याकडे मेनूवरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहार, हे डोळ्यांत बसलंय. सजावटीला हिरवे-लाल गोल टाकले की लोक त्यांचाच अर्थ लावत बसतात. बोलोन्याच्या भिंतींचा विटकरी लाल आणि गेरूच्या जवळचा पिवळा पुरेसा आहे. विटकरीसाठी छपाईच्या चार शायांचं प्रमाण सुरुवात म्हणून निळसर 20, गुलाबी 75, पिवळा 80, काळा 10 टक्के. नमुना टेबलावरच्याच दिव्याखाली बघावा: 2700 केल्विनच्या उजेडात मोतिया कागद पिवळट होतो आणि राखाडी मजकूर दिसेनासा होतो. खाकी पिशवीवर एकाच गडद रंगात छापावं. बारीक रेघा त्यावर पसरतात.

शाकाहाराच्या खुणेबद्दल एक गोष्ट डिझायनरनेच शेफला विचारावी: चीज कोणतं? अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये वासराचं रेनेट, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेला दूध गोठवणारा पदार्थ, असतो. त्या पास्त्याशेजारी हिरवी खूण छापली तर शाकाहारी गिऱ्हाइकाची फसवणूक होते, मग मांडणी कितीही सुंदर असो.

मेनू छपाईला जाण्याआधी वाढणाऱ्या मुलांकडून मराठी नावं मोठ्याने वाचून घ्यावीत. 'ताल्यातेल्ले'वर चौघं अडखळले तर तिथे लेखन सोपं करावं किंवा खाली 'रुंद, चपटा अंड्याचा पास्ता' अशी ओळ द्यावी.