कव्हर पिशवीत परत जात नाही

गाडीला कव्हर घ्यायचं म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटायचं. कापड आणा, टाका, विसरून जा. प्रत्यक्षात त्या कापडाने माझे दोन महिने खाल्ले. कापड कुठलं घ्यायचं हे दोन संध्याकाळींत ठरलं. बाकी सगळा वेळ चुकीच्या मापाचं कव्हर परत करण्यात गेला. हे लिहितोय तेही त्याच चिडचिडीतून, आधीच सांगून ठेवतो.

गाडी घरासमोर उघड्यावर उभी असते, वर झाड. सावली मिळेल म्हणून हौसेने ती जागा धरली आणि सावलीबरोबर पक्ष्यांचा रोजचा आहेरही सुरू झाला. ती घाण नुसती पुसून भागत नाही. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. उन्हात तो तापून जरासा मऊ पडतो, फुगतो आणि गार होताना वाळलेल्या घाणीभोवती आकसून बसतो. मग पुसल्यावरही तिथे नकाशासारखा डाग दिसत राहतो. माझ्या बॉनेटवर असे तीन नकाशे आहेत.

तर पहिलं कव्हर घाईतच घेतलं. दुकानदाराने कव्हरच्या कापडाची खोळ केली, बाटलीभर पाणी ओतलं आणि खालून हात फिरवून दाखवला. कोरडा ठणठणीत! ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ.’ मी खूश. बाहेरून चंदेरी, आतून रबरासारखा गुळगुळीत प्लास्टिकचा थर. आठवडाभर पाऊस झाला, मी निवांत होतो. आठव्या दिवशी कव्हर उचललं तर आतल्या बाजूला घामासारखे थेंब, बंद कपाटाचा वास, काचेच्या रबरावर काळे ठिपके आणि बॉनेटवर पांढुरकी झाक. गाडी सुरू करून पहिला ब्रेक दाबला तर असा खरखराट झाला की पोटात गोळाच आला. (तो ब्रेकच्या डिस्कवर चढलेला वरवरचा गंज होता. चार-पाच ब्रेकमध्ये निघून जातो. तेव्हा हे कोण सांगणार?)

पाणी वरून आलंच नव्हतं, ते खालून आलं होतं. ओल्या जमिनीतून वाफ उठते, गाडीखाली अडकते, रात्री पत्रा गार पडला की त्यावर आणि कव्हरच्या आतल्या बाजूला तिचं पाणी होतं. वर प्लास्टिक असलं की त्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. म्हणजे मी गाडी पावसापासून वाचवत नव्हतो, वाफेवर ठेवत होतो.

मग हवा खेळू देणारं कापड शोधायला लागलो. यात दोन-तीन प्रकार आहेत. बिनविणीच्या, म्हणजे नॉन-वोव्हन कापडाचे तीन ते पाच थर असलेली कव्हरं मिळतात. त्यातल्या चांगल्या कव्हरांत मधला पापुद्रा अतिसूक्ष्म छिद्रांचा असतो. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, वाफ जाते. पण हे कापड बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं असतं आणि त्यात उन्हाला तोंड देणारं रसायन नीट मिसळलेलं नसेल तर त्याचा उन्हात भुगा होतो. शेजारच्या काकांचं कव्हर असंच हातात चुरा होऊन आलं होतं. विणलेलं पॉलिएस्टर उन्हात त्याहून बरं टिकतं. धाग्यातच रंग मुरवलेलं अॅक्रिलिक उन्हाला सगळ्यांत दणकट, पण सलग धो-धो पावसात थोडं पाझरतं. पाझरू दे. पाझरलेलं पाणी सुकतं तरी, कोंडलेलं सुकत नाही.

डेनिअर आणि जीएसएम हे आकडे विकणारे तोंडावर फेकतात. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर, एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. म्हणजे धागा किती जाड आणि कापड किती भारी एवढंच कळतं. कापड श्वास घेतं की नाही ते दोन्हींतून कळत नाही. त्याला घरगुती उपाय आहे. कपात वाफाळतं पाणी घ्या, वर कापडाचा तुकडा ताणून धरा आणि त्यावर आरसा धरा. आरसा धुकट झाला तर कापड पास. मी पहिल्या कव्हरचा कोपरा असा तपासला, आरसा लख्ख राहिला. इतका राग आला की विचारू नका.

शेवटी बाहेरून पॉलिएस्टर, आतून मऊ लव असलेलं, थरांचं कव्हर ऑनलाइन पसंत केलं. कापडाचे नमुने मागवले होते, ते आरशाच्या परीक्षेत पास झाले होते. आणि इथे घोडं अडलं.

विकणाऱ्याच्या यादीत मापं नव्हती, गाड्यांची नावं होती. नावावर बोट ठेवा, कव्हर घरी येईल. माझ्या गाडीचं नाव होतं. पण त्या नावाच्या गाडीच्या दोन पिढ्या रस्त्यावर आहेत; नवी जुनीपेक्षा लांबही आहे आणि उंचही. यादीत वर्ष विचारतच नव्हते. चॅटवर विचारलं, उत्तर आलं, ‘सर, आपल्या मॉडेलला अगदी परफेक्ट बसेल.’ कुठल्या पिढीला? ‘सर, आपल्या मॉडेलला.’

कव्हर आलं. पुढून घातलं, छपरावरून ओढलं, मागे गेलो तर बंपर वीतभर उघडा. मागून ओढलं की पुढचा बंपर उघडा. आरशांचे खिसे आरशांच्या बऱ्याच पुढे. थोरल्याचा सदरा धाकट्याला घालतात ते चालतं, हे उलटं झालं होतं.

ठीक आहे, परत करू. फॉर्म उघडला. कारणांची यादी होती: रंग आवडला नाही, विचार बदलला, वस्तू फाटकी आली, माप बसत नाही. मी सरळमार्गी माणूस, ‘माप बसत नाही’ निवडलं. पुढची अट आली: वस्तू न वापरलेली हवी, लेबलसकट हवी, आणि मूळ पिशवीत ठेवून फोटो काढायचा.

आता जरा विचार करा. कव्हर गाडीवर घातल्याशिवाय बसतं की नाही कळत नाही. उघड्यावरच्या गाडीवर एकदा घातलं की त्याला धूळ लागते. धूळ लागली की ते ‘वापरलेलं’. म्हणजे बसत नाही हे ज्याला कळलं, त्याला ते परत करता येत नाही. हा नियम ज्याने लिहिला त्याने आयुष्यात कधी गाडीला कव्हर घातलं नसणार.

आणि ती पिशवी! उशीच्या अभ्र्याएवढी. कारखान्यात ते कव्हर कुठल्या यंत्राने दाबून कोंबतात देव जाणे. मी आणि ही, दोघं खोलीत सगळं सामान भिंतीला सारून कव्हराची घडी घालत बसलो. पहिली घडी पिशवीच्या दुप्पट झाली. दुसरी झाली बरोबर, पण मधे हवा अडकली, पिशवीत अर्धी गेली आणि बाकीची पावासारखी फुगून वर आली. ‘तू बस त्यावर,’ ही म्हणाली. मी बसलो. तिने चेन ओढली, चेनचं टोक तिच्या हातात आलं. पाऊण तास गेला.

माल न्यायला आलेल्या मुलाने पिशवीकडे पाहिलं. ‘साहेब, बंद होत नाही तर मला घेता येत नाही.’ त्याची चूक नव्हती. त्याच्या फोनवर बंद पिशवीचा फोटो काढल्याशिवाय पुढचं बटणच उमटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसरा आला. तोवर मी पिशवी सुतळीने आवळली होती. त्याने घेतली. मी सुटलो म्हणून हात झटकले. सहा दिवसांनी कव्हर परत माझ्या दारात. चिठ्ठी: ‘तपासणीत नापास. वस्तूवर धूळ आढळली.’

त्यानंतर चॅट. रोज नवीन माणूस, रोज पहिल्यापासून कथा. ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की ते दिसलं की कानशिलं तापायची. चार दिवसांनी एकीने नवीन मार्ग सुचवला, पुढचा मोठा साइज घ्या, पहिलं राहू द्या, वरच्या अधिकाऱ्यांशी बोलून बघते. मी हताश होऊन मोठा मागवला. तो शामियाना निघाला. रात्री वारा सुटला आणि कव्हर असं फडफडलं की खालच्या मजल्यावरचे उठून बघायला आले. सकाळी आरशाच्या कडेला, जिथे कापड रात्रभर घासलं होतं, तिथे रंगावर बारीक ओरखड्यांची जाळी. सैल कव्हर आणि खालची धूळ म्हणजे पॉलिश कागदच. तंग कव्हर निदान उघडं तरी पाडतं. सैल कव्हर रात्रभर गाडी घासत राहतं.

सुटका झाली ती एका फुटपट्टीने. टेप, खरं तर. रागाच्या भरात मी ते परत आलेलं ऑनलाइन कव्हर खोलीत पसरलं आणि मोजलं. जाहिरातीत लांबी लिहिली होती, कव्हर त्याहून तब्बल २२ सेंटिमीटर आखूड भरलं. टेप कापडावर ठेवून तीन फोटो काढले, जाहिरातीचा फोटो जोडला आणि फॉर्ममध्ये या वेळी ‘माप बसत नाही’ निवडलंच नाही. यादीच्या तळाशी एक कारण होतं, खाली सरकवल्याशिवाय न दिसणारं: ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही.’ ते निवडल्यावर ना पिशवीचा फोटो मागितला, ना धूळ. दोन दिवसांत पैसे जमा. त्याच वाटेने शामियानाही परत गेला, कारण त्याचीही रुंदी लिहिल्यापेक्षा वेगळी होती. माझी माणसाच्या सचोटीवरची श्रद्धा थोडी हलली, पण टेपवरची पक्की झाली.

म्हणून कव्हर आलं की गाडीकडे धावू नका. आधी घरात, स्वच्छ फरशीवर पसरा आणि मोजा. आणि जाहिरातीतली लांबी कव्हरची की ते ज्या गाडीला बसतं तिची, हे लेखी विचारून ठेवा. या दोन आकड्यांत बराच फरक असतो, कारण कापडाला दोन्ही टोकांना खालीही उतरायचं असतं.

गाडीचंही माप स्वतः घ्या. पुस्तिकेतली रुंदी बहुधा आरसे सोडून असते, हे मला या सगळ्यानंतर कळलं. छपरावर अँटेना असेल, मागे स्पॉयलर असेल, वर सामानाच्या पट्ट्या असतील, तर तेही सांगायचं. चौथ्या वेळी मी एका छोट्या शिवणाऱ्याला नाव सांगितलंच नाही. लांबी, रुंदी, उंची, आरसा पुढच्या बंपरपासून किती अंतरावर, अँटेना कुठे, एवढं कागदावर काढून पाठवलं, वर गाडीचं वर्ष. त्याने उलट दोन प्रश्न विचारले, तेव्हाच मला कळलं की हे कव्हर बसणार.

बसलं. आरशाचा खिसा आरशावर, शिवण दुहेरी, खालच्या कडेला सगळीकडे इलॅस्टिक, पोटाखालून दोन पट्टे. पट्टे हवेतच. नुसत्या इलॅस्टिकवर वाऱ्याच्या दिवशी विसंबू नका. पट्ट्याचं बकल मात्र प्लास्टिकचं असू दे, धातूचं असलं तर ओढताना दाराला लागतं.

हो, एक राहिलंच. गाडी आल्या आल्या कव्हर घालू नका, सायलेन्सरच्या टोकाशी कापड वितळतं. माझ्या पहिल्या कव्हरला तिथे रुपयाएवढं भोक होतं. आणि मळक्या गाडीवर तर अजिबात नाही. धुवायला वेळ नसेल तर त्या दिवशी उघडी राहू दे. काढताना जमिनीवरून फरफटू नका. दोन्ही बाजू छपरावर दुमडून घ्या, मग मागून पुढे गुंडाळा, म्हणजे बाहेरची धुळकट बाजू घडीच्या आत राहते आणि दुसऱ्या दिवशी बॉनेटवर ठेवून तशीच उलगडत नेता येते. पाऊस थांबून ऊन पडलं की तासभर कव्हर काढून दोघांनाही वारा लागू द्या.

बॉनेटवरचे जुने नकाशे आहेत तिथेच आहेत, नवीन आलेला नाही. या कव्हरबरोबरही एक पिशवी आली होती, चांगली चेनवाली. ती पहिल्याच दिवशी गाडी पुसायच्या फडक्यांना दिली.