तुम्ही विचारलंत म्हणून: ‘गुडबाय अंकल टॉम’ पुन्हा का पाहावा?

जुन्या चित्रपटांविषयी लिहीत असल्यामुळे मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या स्वरात कुतूहलापेक्षा जाब अधिक असतो: ‘गुडबाय अंकल टॉम’सारख्या ओंगळ चित्रपटाची झाडपूस करून तो फोर-के (अतिशय स्पष्ट चित्राच्या) डिस्कवर घरोघरी पाहण्यासाठी विकणे योग्य आहे का, आणि तुम्ही तो पाहता तरी कसा?

ज्यांना हे नाव नवे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘आद्दिओ झिओ टॉम’ हा १९७१चा इटालियन चित्रपट ग्वाल्तिएरो याकोपेत्ती आणि फ्रांको प्रोस्पेरी या जोडीचा. १९६२च्या ‘मोंदो काने’ने त्यांनी माहितीपटाच्या नावाखाली जगभरातले विचित्र, किळसवाणे आणि उघडेवाघडे दाखवून गल्ला भरण्याचा एक प्रकारच रूढ केला होता. पुढे १९६६च्या ‘आफ्रिका आद्दिओ’मुळे त्यांच्यावर वंशद्वेषाचे आरोप झाले. त्या आरोपांना उत्तर म्हणून त्यांनी अमेरिकेतील गुलामगिरीवर चित्रपट काढायचे ठरवले. त्यात दोन आधुनिक इटालियन चित्रपटकार हेलिकॉप्टरने थेट यादवी युद्धापूर्वीच्या दक्षिणेत उतरतात आणि मळेवाले, दलाल, पाद्री, डॉक्टर यांच्या जणू मुलाखती घेत हिंडतात. हेतू द्वेषाचा नव्हता असे ते आयुष्यभर सांगत राहिले. तरीही रॉजर ईबर्ट आणि पॉलीन केल या अमेरिकी समीक्षकांनी चित्रपटाची अक्षरशः सालटी काढली.

आक्षेप घेणारे बहुतेक जण चित्रपटातील क्रौर्यावर बोट ठेवतात, आणि तेथे माझे त्यांच्याशी जमत नाही. जहाजाच्या तळघरात फळ्यांवर रचलेली माणसे, जनावरांसारखी तपासणी, बाजारातील बोली हे सारे इतिहासात याहून सौम्य नव्हते. पळून जाणाऱ्या गुलामाला ‘ड्रेपटोमेनिया’ नावाचा मनोविकार झालेला असतो, असा शोध सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने १८५१ मध्ये खरोखरच लावला होता, आणि त्यावरचा उपाय म्हणून त्याने चाबूक सुचवला होता. असला मजकूर कोणत्याही पटकथाकाराला स्वतःच्या डोक्यातून काढावा लागत नाही.

माझा आक्षेप चित्रीकरणाच्या जागेवर आहे. चित्रपटाचा मोठा भाग हैतीत चित्रित झाला, आणि तोही तेथील हुकूमशहा फ्रांस्वा दुवालिए, म्हणजे ‘पापा डॉक’, याच्या पाहुणचारात. त्याने या मंडळींना राजनैतिक दर्जाच्या गाड्या दिल्या, कोठेही चित्रीकरण करण्याची मुभा दिली आणि हवी तितकी माणसे उभी करून दिली. आता हैती म्हणजे कोणता देश, हे आठवून पाहा. १७९१ मध्ये उसाच्या मळ्यांवरील गुलामांनी जेथे उठाव केला, नेपोलियनच्या फौजेला हरवले आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतःचे राज्य जाहीर केले, तो हा देश. या स्वातंत्र्याची शिक्षा म्हणून १८२५ मध्ये फ्रान्सने त्याच्याकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई कबूल करून घेतली. ती पुढे ९ कोटींवर आणण्यात आली, पण तिच्या कर्जाखाली पुढच्या कित्येक पिढ्या दबल्या. त्या बंडखोरांच्या वंशजांना, शेकड्यांनी, कपडे उतरवून आणि साखळ्या घालून, युरोपातून आलेल्या कॅमेऱ्यासमोर पुन्हा गुलाम म्हणून उभे करण्यात आले. ‘तोंतों माकूत’ या सरकारी गुंडांच्या राज्यात ‘मी नाही येणार’ असे म्हणणे त्यांपैकी किती जणांना परवडले असते, हे ज्याने त्याने ठरवावे.

आणि नेमक्या याच कारणासाठी मी या चित्रपटाच्या पुनरुज्जीवनाच्या बाजूचा आहे. पूर्वी घासलेल्या, रंग उडालेल्या प्रतींत जहाजाच्या तळघरातले ते दृश्य म्हणजे तपकिरी अंगांचा एक ढीग दिसायचा. दिग्दर्शकांनाही बहुधा ढीगच हवा होता. निगेटिव्हची एकेक चौकट स्कॅन करून, धूळ आणि ओरखडे काढून तयार केलेल्या प्रतीत तो ढीग सुटा होतो. पुढच्या रांगेतली माणसे सांगितल्याप्रमाणे कण्हत असतात, मात्र मागे कोणी तरी कंटाळून मान वळवतो, कोणी लाजून हाताने अंग झाकतो, आणि एखादा सरळ भिंगाकडे पाहतो. ती नजर १८३०च्या गुलामाची नसून १९७०च्या सुमारास जगणाऱ्या हैतीच्या नागरिकाची आहे. चित्रपटकर्त्यांविरुद्धचा इतका चोख पुरावा त्यांच्याच निगेटिव्हवर आहे आणि तो कुजू द्यावा, हे मला पटत नाही.

डिस्क काढणाऱ्या ‘ब्लू अंडरग्राउंड’सारख्या कंपन्यांना मात्र मी पुण्यवान ठरवत नाही. बंदी, बदनामी आणि ‘न कापलेली प्रत’ या तीन गोष्टींवर त्यांचा माल खपतो, हे त्यांना चांगले ठाऊक असते. शिवाय रिझ ओर्तोलानीच्या संगीतामुळेही गिऱ्हाईक येते. यातले ‘ओ माय लव्ह’ हे गोड गाणे २०११च्या ‘ड्राइव्ह’ या चित्रपटात पुन्हा वापरले गेल्यापासून कित्येक तरुण त्या गाण्याचा माग काढत येथे पोहोचतात आणि पहिल्या अर्ध्या तासातच हबकतात.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट खटकावी. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, आणि ते पुस्तक जोतीराव व धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात लिहिले. तेथे दबलेला माणूस प्रश्न विचारतो, उलटतपासणी करतो, हुज्जत घालतो. येथे गोरे मळेवाले कॅमेऱ्याकडे पाहून ऐसपैस बोलतात, आणि ज्यांच्यावर चित्रपट काढला त्यांच्यातील बहुतेकांच्या वाट्याला फक्त ओरडणे येते. शेवटी काळ्या माणसाला मोठी भूमिका मिळते, तीही कशी? किनाऱ्यावर बसून तो नॅट टर्नर या अमेरिकी गुलामाने १८३१ मध्ये केलेल्या बंडाविषयी वाचतो आणि आजूबाजूच्या गोऱ्यांच्या कत्तलीची कल्पना करतो. गुलामगिरीवरचा चित्रपट गोऱ्या प्रेक्षकाच्या भीतीवर आणून संपवणे हा मला त्यातला सर्वांत अप्रामाणिक भाग वाटतो, चाबकाच्या दृश्यांहूनही अधिक.

पाहायचाच असेल, तर इटालियन आवृत्ती पाहावी. ती सुमारे सव्वादोन तासांची आहे. इंग्रजी आवृत्तीतून त्या काळच्या अमेरिकेतील वांशिक राजकारणाचे भाग काढून टाकल्यामुळे उरलेला चित्रपट निव्वळ भीतिदायक प्रदर्शन होतो. माझ्याकडची डिस्क मागणाऱ्यांना मी देतो. चित्रपट मंडळात मोठ्या पडद्यावर लावण्याची विनंती मात्र मी नाकारत आलो आहे, कारण सभागृहात तुम्हाला दिग्दर्शकांच्याच गतीने जावे लागते. घरी चित्र थांबवता येते, आणि या चित्रपटात जे पाहण्यासारखे आहे ते थांबवल्याशिवाय दिसत नाही.