लोखंडवाल्याचा निळा मुलगा

कॅलिफोर्नियात पॅसाडिनाला भाचीकडे आठ दिवस मुक्काम होता. ती कामावर गेली की दिवस माझा, म्हणून एका सकाळी एकटीच शेजारच्या सॅन मरिनोतल्या हंटिंग्टन या संग्रहालयाला गेले. निवडुंगांची बाग चुकवू नकोस, असं सगळ्यांनी बजावलं होतं. नाही चुकवली. दोन तासांनी पाय बोलायला लागले आणि खरं सांगायचं तर निव्वळ गारव्यासाठी मी चित्रांच्या इमारतीत शिरले.

लांबलचक दालनात दोन्ही भिंतींवर माणसाच्या उंचीच्या इंग्रज बायका आणि सरदार. आणि तिथेच तो! टॉमस गेन्सबरो या इंग्रज चित्रकाराचा 'द ब्लू बॉय'. लहानपणी मामाकडे सुईदोऱ्याचा एक पत्र्याचा डबा होता, त्यावर हाच मुलगा होता, रंग उडून राखाडी झालेला. तो इतका मोठा असेल असं कधी वाटलंच नव्हतं. चांगलं जवळजवळ सहा फुटी चित्र आहे. लांबून निळं सॅटिन झळाळतं, पण जवळ गेलं की एक निळा असा नाहीच. राखाडी, आकाशी, मधूनच गडद असे नुसते फटकारे. परत चार पावलं मागे आलं की पुन्हा सॅटिन. मी हा खेळ तीनचारदा केला. पहारेकरी माझ्याकडे बघायला लागला तेव्हा थांबले.

ऐट बघून हा कुणा उमरावाचा पोरगा वाटतो. पण ते कपडे चित्रासाठी घातलेले, सतराव्या शतकातल्या व्हॅन डाइक या चित्रकाराच्या काळातले, म्हणजे तेव्हाही सव्वाशे-दीडशे वर्षं जुन्या फॅशनचे. मुलगा म्हणजे लंडनमधल्या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याचा जोनाथन बटल, असं कित्येक वर्षं मानलं गेलं. आता काही अभ्यासक म्हणतात, हा चित्रकाराचा भाचा असावा. चित्र १७७० च्या सुमाराचं. बटलकडे ते होतं हे मात्र नक्की. १७९६ मध्ये त्याचं दिवाळं वाजलं आणि चित्र घराबाहेर पडलं. आधी जॉन नेस्बिट या राजकारण्याकडे, मग जॉन हॉपनर या चित्रकाराकडे, आणि १८०९ मध्ये ग्रोव्हनर घराण्याकडे. तिथे ते शंभराहून जास्त वर्षं राहिलं.

१९२१ मध्ये त्या घराण्यातल्या वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकने ते जोसेफ डुव्हीन या चित्रांच्या दलालाला विकलं. डुव्हीनने ते गाठून दिलं हेन्री हंटिंग्टनला, ७ लाख २८ हजार डॉलरला. हा गडी लॉस एंजेलिसच्या ट्रामगाड्यांचा मालक. त्याची बायको अ‍ॅराबेला ही आधी त्याच्या काकांची बायको होती. काका गेल्यावर काही वर्षांनी या दोघांनी लग्न केलं. (आपल्याकडे एवढ्यावर तीन पिढ्या बोलल्या असत्या.) जुन्या वॉर्निशमुळे चित्र हिरवट पडलं होतं, ते डुव्हीनने साफ करून दिलं. गिऱ्हाइकाला निळा मुलगा हवा होता, हिरवा नव्हे!

अमेरिकेला जाण्याआधी १९२२ च्या जानेवारीत लंडनच्या नॅशनल गॅलरीत ते तीन आठवडे ठेवलं. ९० हजार माणसं निरोपाला आली. गॅलरीच्या संचालकांनी, चार्ल्स होम्सनी, चित्राच्या मागे 'पुन्हा भेटू' अशा अर्थाचे दोन फ्रेंच शब्द लिहून ठेवले. ते खरे व्हायला शंभर वर्षं लागली: २५ जानेवारी २०२२ ला चित्र त्याच गॅलरीत पुन्हा लागलं, मे महिन्यापर्यंत.

चित्राच्या मागची बाजू काही आपल्याला दिसत नाही. पण दालनातून निघताना मला एक वाचलेलं आठवलं. क्ष-किरणांत या मुलाच्या खाली दुसऱ्याच एका माणसाचं अर्धवट चित्र सापडलं, म्हणजे कॅनव्हास वापरलेला. आणि मुलाच्या पायाशी एक झुपकेदार पांढरं कुत्रंही, जे गेन्सबरोने नंतर दगडांखाली बुजवलं. मी परत फिरले, त्या दगडांकडे टक लावून पाहिलं. शेपूटसुद्धा दिसलं नाही.