हीलिओस ४४-२ : इन्फिनिटी सापडली एकदाची

हीलिओस ४४-२ या माझ्या जुन्या सोव्हिएत लेन्समधली बुरशी गेली, छिद्राच्या पात्यांवरचं तेलही पुसून झालं, हे मागे लिहिलंच आहे. आता नुसते फोटो काढायचे म्हणून ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गेलो, तर नवंच लचांड निघालं.

मानमंदिराच्या भिंतीवरची पिवळ्या बदकांची रांग एफ/२ ला (छिद्र पूर्ण उघडं, म्हणजे वाइड ओपन) इतकी लख्ख आली की टाइलचे उडालेले टवके दिसावेत. तिथूनच वळून खालचा गुजरी महाल टिपला, तर सगळं पिठूळ. फोकस रिंग इन्फिनिटीच्या, म्हणजे सगळ्यात दूरच्या, टोकाला पार टेकलेली. एफ/८ ला हा दोष झाकला जातो, म्हणून तपासायचं ते वाइड ओपनच. आणि फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवायची कॅमेऱ्याची सोय) सरळ थापा मारतं. त्या पिठूळ महालाच्या कडांवरही लाल ठिपके नाचत होते. मॅग्निफाय करा, नाहीतर सोडून द्या.

संशय अडॅप्टरवर, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्यावर. लेन्सच्या एम४२ माउंटचं रजिस्टर (माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर) ४५.४६ मिमी, माझ्या कॅमेऱ्याच्या सोनी ई माउंटचं १८, म्हणजे अडॅप्टर हवा २७.४६. व्हर्नियर लावला, २७.५६! फरक ०.१ मिमीचा, पण लेन्सच्या फोकल लेंग्थच्या, म्हणजे ५८ मिमीच्या, वर्गाला त्याने भागलं की येतात जेमतेम ३४ मीटर. त्यापुढे नेमका फोकस नाहीच. स्वस्तातले अडॅप्टर बहुधा मुद्दाम थोडे पातळ करतात, आमच्याच वाट्याला जाडा आला. विकणाऱ्याचं उत्तर, "सर, लेन्स ही पुरानी है."

शहरातल्या लष्कर भागातल्या ओळखीच्या खरादवाल्याकडून अडॅप्टरचे ०.१ मिमी उतरवून घ्यायचं ठरवलं होतं. पण इथवर लिहिलं आणि वाटलं, जरा तिरकं घासलं गेलं तर फ्रेमची एक बाजू कायमची मऊ. त्यापेक्षा लेन्सच आत सरकवू की!

लिहिणं तसंच ठेवून गच्चीवर गेलो. घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरने फोकस रिंगचे तिन्ही बारके स्क्रू सैल केले (पुरते काढू नका, घरंगळला की गेला), दूरच्या मोबाइल टॉवरवर मॅग्निफाय केलं आणि हेलिकॉइड (लेन्स आत-बाहेर सरकवणारं मळसूत्र) हळूहळू आत घेतलं. टॉवरच्या जाळीतला एकेक तिरपा दांडा सुटा दिसायला लागला, तिथे थांबून रिंग इन्फिनिटीच्या खुणेवर आणली, स्क्रू आवळले. काय सुख! डीएसएलआरवाल्यांनी मात्र जपून, लेन्सची मागची काच कॅमेऱ्यातल्या आरशाला अडू शकते.

आता हा अडॅप्टर याच लेन्सवर राहणार. ज्युपिटर-९ ही दुसरी जुनी लेन्स आलीच तर तिला वेगळा, आणि आधी व्हर्नियर, मग पैसे.

या लेन्समध्ये मागची धूसर पार्श्वभूमी गोल फिरल्यासारखी दिसते, त्या गिरकीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: आत्याला कडुनिंबापुढे बसवलं, मागची पानं फिरतात छान, पण माझ्या कॅमेऱ्याचा छोटा (क्रॉप) सेन्सर नेमके कोपरेच कापतो. मित्राचा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा रविवारपुरता मागितला आहे. "बघू" म्हणालाय.