सापाचं तोंड बाहेर का?

मेक्सिको सिटीत सोमवारी बहुतेक सरकारी संग्रहालयं बंद असतात. कार्यक्रम आखणाऱ्या साहेबांनी टेम्प्लो मायोर, म्हणजे स्पॅनिशांच्या आधीच्या अ‍ॅझ्टेकांचं मुख्य देऊळ, नेमकं सोमवारीच टाकलं होतं. ऑफिसातल्यांना दार बंद सापडत नाही, ते सापडतं टूर मॅनेजरला. मग कुंपणाबाहेरून अवशेष दाखवले आणि सगळ्यांना मेट्रोत घातलं.

सोकालो या मुख्य चौकाहून पुढचंच स्टेशन पिनो सुआरेस. गर्दीच्या वेळी पुढचे डबे बायका-मुलांसाठी राखीव, त्यामुळे जोडपी फुटली आणि माझी डोकी मोजणी दोनदा झाली. गाडी बदलायच्या वाटेवर वाऱ्याच्या देवाचं, एहेकात्लचं गोल देऊळ आहे. 1967 साली मेट्रो खोदताना निघालं आणि तिथेच ठेवलं. स्टेशनचं चिन्हही तेच. रोजचे प्रवासी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

वर आलं की एल साल्वादोर रस्त्याच्या कोपऱ्यावर एक जुना सरदारी वाडा. 16व्या शतकात इथे अ‍ॅझ्टेकांना हरवणाऱ्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या नातलगाचं घर होतं. आजची वास्तू 18व्या शतकातली, आत शहराचं संग्रहालय. तेही बंद. पण मला हवं ते बाहेरच होतं. कोपऱ्याच्या तळाशी, फुटपाथला टेकून, अ‍ॅझ्टेकांच्या काळातलं सापाचं भलंमोठं दगडी मस्तक भिंतीत बसवलंय. जबडा उघडा, सुळे बाहेर. सुळ्यांपाशी कुणीतरी कॉफीचा रिकामा कप ठेवून गेलेलं.

मी नेहमीचं वाक्य टाकलं, "जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांचा देव पायात घातला." माना डोलल्या. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक काका मात्र वाकून सांधा बघत होते.

"अहो, कोपऱ्याला गाड्यांची चाकं घासतात. तिथे टणक दगडच लावतात. हा हाताशी होता, लावला. देवबिव काही नाही."

काकू म्हणाल्या, "मग कोरलेली बाजू आत घालायची ना! तोंड बाहेर कशाला?"

काका गप्प झाले. मग म्हणाले, "गवंडी कोण होते?"

1521च्या विजयानंतर स्पॅनिशांचं शहर उभारायला राबले ते तिथलेच लोक, मी म्हटलं. "मग हुकूम कुणाचाही असो, दगड फिरवला त्यांनीच," काका म्हणाले.

अभिप्रायाच्या फॉर्मवर त्यांनी लिहिलं, 'टेम्प्लो मायोर आतून दाखवले नाही.' रास्तच आहे. पुढचा गट दिवाळीनंतर निघतोय, आणि त्या कोपऱ्यावर काय बोलायचं ते अजून ठरत नाहीये.