पांदणीवरून बोट

मावसभावानं दिवाळीत एक जुनी फायबरची बोट घेतली. मागं ९ हॉर्सपॉवरचं इंजिन. आमच्या वैनगंगाकाठच्या गावातून समुद्र पाहायचा तर एक अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते, त्यामुळं बोट पाहायला अर्धं गाव जमलं.

बेटं मात्र आमच्याकडं आहेत. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची, माझ्या जन्माच्या आधीची. पुढं पाणी चढत गेलं आणि ज्या टेकड्या, बरड्या बुडाल्या नाहीत त्यांची बेटं झाली. भाऊबीजेला आम्ही चार मोजली होती. होळीच्या दुसऱ्या दिवशी त्याच फेरीत नऊ निघाली, पाणी उतरलेलं ना!

मोबाइलच्या नकाशात सगळं नुसतं निळं. म्हणून ढिवरपुऱ्यातल्या, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतल्या काकांना सोबत घेतलं. ते पुढं बसले, हातात बांबू. "इंजिन उचल. खाली पाटलाची चिंच हाये." थोड्या वेळानं म्हणाले, "आता पांदण धर." मला वाटलं थट्टा करतायत. पण दोन्ही बाजूंनी धुऱ्यावरच्या बाभळींची वाळकी टोकं वर आलेली, त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले, आणि मधे गाडीवाटेइतकं मोकळं पाणी. बैलगाडीसाठी सोडलेली वाट, आता बोटीच्या कामाची.

कन्हानकडून आलेल्या जलपर्णीत एकदा अडकलो, बांबूनं ढकलत सुटलो. (नागपूरची सगळी घाण नाग नदीतून कन्हानला आणि तिथून आमच्याकडं. त्यावर लिहायला बसलो तर बोट राहूनच जाईल.)

मोहाच्या बेटाजवळ भावानं शहाणपणा केला. काका "डावीकडं" म्हणेस्तोवर गडी सरळ गेला आणि पंख्यात नायलॉनचं जाळं गुंडाळलं. इंजिन बंद. बोट वल्हवत बेटाला लावली. भाऊ गुडघाभर पाण्यात उभा राहून विळ्यानं एकेक फेरा कापत होता आणि प्रत्येक फेऱ्याला मालकाच्या नावानं पुटपुटत होता. चूक आपली, शिव्या त्याला!

काका तोवर बेटावर चढले. मोहफुलं टपटपत होती, वेचायला कुणीच नाही. त्यांनी दुपट्टा पसरला.

"हे आमच्या वावराचं टोक," वेचता वेचताच म्हणाले. "बाकी तुमी आत्ता ज्याच्यावरून आले, थे."

संध्याकाळी जाळ्याच्या मालकाकडं गेलो. त्यानं ५०० रुपये घेतले, वर पिशवीभर झिंगे दिले. बोटीला अजून मोहाचा वास येतो.