हंगामाचा सण आणि दोन कांदे

मागच्या आठवड्यात आमच्या चर्चच्या मीटिंगमध्ये विषय निघाला की यंदा हंगामाच्या सणाला लिलाव नको, सरळ दानाची पाकिटं वाटू, उपासना झाली की मंडळी घरी, वेळ वाचतो. तरुण संघातल्या दोघातिघांचं म्हणणं, बायबलमध्ये लिलाव कुठे आहे, ही नुसती परंपरा. तिथे मी गप्प बसलो पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

ज्यांनी हा सण बघितला नाही त्यांना सांगतो, त्या रविवारी वेदीपुढे भोपळे, बाजरीची कणसं, कोथिंबिरीच्या जुड्या, अंडी, एखादी पाय बांधलेली गावठी कोंबडी असं सगळं मांडलेलं असतं आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो, पैसे चर्चला जातात. मागच्या वर्षी सिन्नरकडून येणाऱ्या एका ताईंचा मुलगा रुमालात दोन कांदे बांधून घेऊन आला होता. बाकीच्यांच्या टोपल्या बघून तो रुमाल पाठीमागे धरत होता. लिलाव करणाऱ्या अंकलनी ते कांदे वर धरून हाक दिली, "बोला, सिन्नरचा कांदा!" पन्नास, शंभर, दीडशे करत चारशेला गेले, आणि ज्या आजोबांनी घेतले त्यांनी नातवाकडून जीपे करून घेतलं आणि एक कांदा त्या पोराच्याच हातात परत दिला, आईला दे म्हणाले. बायबलमधल्या गरीब विधवेने दानात टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे दोन छोट्या नाण्यांवर, मी लहानपणापासून प्रवचनं ऐकतोय, पण त्या टोल्या मला त्या दिवशी अंगणात दिसल्या. पाकिटात हे कसं दिसणार?

बायबलमधला मार्कचा सातवा अध्याय मलाही माहीत आहे. परंपरेसाठी देवाची आज्ञा मोडता, असं येशू परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुद्यांना, म्हणाला. पण तिथे मुद्दा काय होता तेही वाचा ना, आईबापाला द्यायचं ते 'कुर्बान' म्हणून देवाच्या नावावर टाकायचं आणि त्यांना सांभाळायची जबाबदारी झटकायची. म्हणजे बघायचं ते हे की या रीतीमुळे माणूस आज्ञा पाळायला लागतो की पळवाट काढतो. पहिल्या बाकावर ठराविक घराण्यांनीच बसायचं ही पण आमच्याकडची परंपराच, नवीन कुटुंब आलं की त्यांना उठवतात. ती आजच बंद करा, मी पहिला हात वर करतो.

आणि जुनं म्हणजे मेलेलं असं नाही हो. नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज जाताना मला जेकब वेनराइट आठवतो. गुलामीतून सुटलेला आफ्रिकन मुलगा, आपल्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकला. १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, सोबत एकही पाळक (पाद्री) नाही, तेव्हा सोबत्यांनी त्यांचं हृदय झाडाखाली पुरलं आणि दफनविधीची प्रार्थना वाचली ती या नाशिकला शिकलेल्या पोराने. इतक्या दूर, त्या दुःखात नवीन शब्द कुठून आणणार होता तो? शिकवलेले शब्द होते म्हणून वाचता आले. पप्पांच्या दफनाला माझंही तसंच झालं, मूठभर माती टाकताना मला एक शब्द सुचत नव्हता, पाळकसाहेब वाचत होते आणि मी फक्त आमेन म्हणत होतो, तेवढाच आधार होता.

नवीन काही करूच नका असं मी अजिबात म्हणत नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची भजनं अभंगात लिहिली तेव्हा तेही नवीनच होतं, इंग्रजी चालींवर भाषांतरित गीतं गाणाऱ्या मंडळ्या होत्या त्या. आज तीच भजनं टाळ घेऊन म्हणतो तर मुलं जुनाट म्हणतात. गिटार आणा, ड्रम आणा, पण टाळ कपाटात टाकू नका एवढंच.

तर या रविवारच्या मीटिंगला मी बोलणार आहे. आणि लिलाव ठेवायचं ठरलं तर हाका द्यायचं काम तरुण संघानेच घ्यावं असं सुचवणार आहे, अंकलचा गुडघा दुखतो, त्यांना आता तासभर उभं राहवत नाही.